‘घरचे आता शांत झालेत’ : मैत्रिणीचा घरात ‘इज्जती’च्या नावाखाली छळ होत असेल तर तुम्ही काय करू शकता?

‘वरील फोटोतील मुलगी कालपासून बेपत्ता आहे. वय १९. कोणाला दिसल्यास खालील नंबरवर कळवा. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.’

असा मेसेज तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. आपण फोटो बघतो, वाईट वाटतं आणि बोट फॉरवर्डकडे जातं. बहुतेक वेळा मेसेज पाठवणारे खरोखर काळजीतच असतात. पण काही वेळा ती मुलगी हरवलेली नसते. ती घरच्यांपासून जीव वाचवून निघालेली असते. आणि आपण फॉरवर्ड केलेला फोटो तिला शोधणाऱ्यांच्या उपयोगी पडतो.

घराण्याच्या इज्जतीसाठी होणारा छळ बाहेरून ओळखणं अवघड असतं, कारण तो काळजीच्या भाषेत बोलतो. ‘तिच्या भल्यासाठीच’, ‘आम्ही काय तिचे वैरी आहोत का?’ ही वाक्यं आपल्या ओळखीची आहेत. म्हणूनच मित्र, मैत्रिणी, शेजारी, शिक्षक चांगल्या हेतूने मध्ये पडतात आणि नकळत धोका वाढवतात. हा छळ ओळखायचा कसा, अशा वेळी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते समजून घेऊ.

‘इज्जती’साठी छळ म्हणजे नेमकं काय?

घरातल्या एखाद्या व्यक्तीने कोणाशी बोलायचं, काय घालायचं, किती शिकायचं, कोणाशी लग्न करायचं हे घराण्याच्या किंवा जातीच्या प्रतिष्ठेशी जोडलं जातं. ती व्यक्ती त्या चौकटीबाहेर गेली किंवा जाईल असं वाटलं, की तिला ‘वठणीवर आणण्यासाठी’ धाक, मारहाण, कोंडून ठेवणं, शिक्षण तोडणं, जबरदस्तीने लग्न लावणं सुरू होतं. टोकाला जाऊन खूनही होतो.

नेहमीच्या कौटुंबिक हिंसाचारापेक्षा इथे दोन गोष्टी वेगळ्या असतात.

पहिली, त्रास देणारा माणूस एकटा नसतो. वडील, भाऊ, काका, मामा, चुलतभाऊ, कधी आई आणि आजीसुद्धा त्यात असतात. एकाने नजर ठेवायची, दुसऱ्याने फोन तपासायचा, तिसऱ्याने समजूत काढायची, अशी कामं वाटलेली असतात. त्यामुळे ‘वडील कडक आहेत, पण काका समजूतदार आहेत, त्यांना सांगू’ हा हिशेब चुकू शकतो.

दुसरी, आजूबाजूचे लोक या छळाला मूक संमती देतात. गावात, भावकीत, सोसायटीत ‘चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही’ असं म्हटलं की घरच्यांनी केलेली मारहाणही समजण्यासारखी वाटू लागते. मुलगी जिवंत असताना तिच्या नावाने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फ्लेक्स लावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आल्या आहेत. असा फ्लेक्स म्हणजे नुसता राग नव्हे. ‘आमच्यासाठी ती मेली’ असं गावासमोर जाहीर करणं हीसुद्धा एक धमकी असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात ‘ऑनर किलिंग’ म्हणून ३३ खून नोंदवले गेले. हा आकडा फार छोटा वाटतो. पण त्याच विभागाच्या अहवालांत ‘प्रेमसंबंध’ हे कारण नोंदवलेल्या खुनांची संख्या वर्षाला हजाराच्या पुढे असते. कोणता खून कोणत्या रकान्यात जाईल, हे शेवटी नोंद करणाऱ्यावर असतं. आणि जे खुनापर्यंत गेलं नाही, म्हणजे तोडलेलं शिक्षण, काढून घेतलेला फोन, महिनाभर कुलूप लावलेली खोली, ते यातल्या कोणत्याच रकान्यात येत नाही.

हे फक्त मुलींच्याच बाबतीत होतं का?

नाही. १ जानेवारी २०१३ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सोनईजवळ तीन दलित तरुणांचा खून झाला. त्यांच्यापैकी एकाचं सवर्ण मुलीवर प्रेम होतं. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने या प्रकरणात सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याच जिल्ह्यात खर्डा इथे १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून हे घडल्याचा आरोप होता. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण अनेक साक्षीदार फितूर झाले.

म्हणजे धोका मुलीला असतोच, पण मुलाला, विशेषतः तथाकथित खालच्या जातीतल्या किंवा दुसऱ्या धर्माच्या मुलाला, आणि त्याच्या कुटुंबालाही असतो. समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींवरही घरून अशीच जबरदस्ती होते. ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ हा त्यातलाच प्रकार. या लेखात आपण सोयीसाठी ‘मैत्रीण’ म्हणतोय, पण तिच्या जागी तुमचा मित्र, वर्गातला विद्यार्थी किंवा ऑफिसमधला सहकारीही असू शकतो.

कसं ओळखायचं?

खालच्या यादीतली एखादीच गोष्ट दिसली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. पण दोन-चार गोष्टी एकत्र आणि अचानक दिसू लागल्या तर लक्ष द्या.

• कॉलेज, क्लास किंवा नोकरी एकाएकी बंद होते. कारण विचारलं तर तेच उत्तर येतं, ‘घरी काम आहे’, ‘तब्येत बरी नाही’.
• तिला सोडायला आणि घ्यायला नेहमी कोणीतरी येतं. पाच मिनिटं उशीर झाला तरी ती घाबरते.
• फोन काढून घेतलाय, किंवा ती फक्त स्पीकरवर बोलते. मेसेजची भाषा तिची वाटत नाही. नेहमी टोपणनावाने हाक मारणारी मैत्रीण अचानक ‘मी ठीक आहे, मला मेसेज करू नका’ असं लिहिते.
• सोशल मीडियावरचे जुने फोटो आणि मित्र अचानक उडतात, किंवा खातंच बंद होतं.
• तिला घाईघाईने गावी, मामाकडे किंवा लांबच्या नातेवाइकांकडे पाठवलं जातं. परत कधी येणार ते कोणी सांगत नाही.
• परीक्षा तोंडावर असताना स्थळं बघणं सुरू होतं. ‘साखरपुडा ठरलाय’ हे तिच्याऐवजी दुसऱ्याच कोणाकडून कळतं.
• ‘तिच्यावर करणी केलीय’, ‘डोकं फिरवलंय’ असं म्हणून तिला बाबा, देवऋषी किंवा डॉक्टरकडे नेलं जातं.
• आई-वडील स्वतःच्या जिवाची धमकी देतात. ‘तू गेलीस तर मी विहिरीत उडी मारेन’, ‘आम्ही औषध पिऊन मरू’. हे ऐकून ती अपराधी वाटून गप्प होते.
• घरात याआधी कोणाच्या तरी लग्नावरून मारहाण झालीय, कोणाशी तरी संबंध तोडलेत, किंवा जातपंचायतीने दंड केलाय.

धोका खूप वाढल्याची लक्षणं वेगळी असतात. गुपित नातं घरी कळणं, तिने ठरवलेल्या लग्नाला स्पष्ट नकार देणं, ती घरातून निघून जाणं, रजिस्टर लग्नाची नोटीस लागणं, तिला दिवस जाणं, हे सगळे तसे क्षण आहेत. अशा वेळी ‘बघू, निवळेल’ म्हणून थांबू नका.

तिच्याशी बोलायचं कसं?

ब्रिटनमध्ये शिक्षक, डॉक्टर आणि पोलिसांना जबरदस्तीच्या लग्नांबाबत एक नियम शिकवतात : या व्यक्तीशी बोलण्याची तुम्हाला एकच संधी मिळेल असं समजा. आपल्याकडेही ते खरं आहे. उद्या तिचा फोन जाईल, परवा ती गावी असेल. म्हणून मिळालेली पाच मिनिटं नीट वापरा.

एकटीला गाठून बोला. तिच्या बहिणीसमोर किंवा ‘विश्वासातल्या’ चुलतभावासमोर नको. कॉलेजचं ग्रंथालय, लेडीज डबा, ऑफिसचं कँटीन अशी जागा बरी. फोनवर बोलत असाल तर आधी विचारा, ‘तू एकटी आहेस का? हो किंवा नाही एवढंच सांग.’

मग साधे प्रश्न विचारा. ‘तुला घरी जायची भीती वाटते का?’ ‘कोणी मारलंय का? मारायची धमकी दिलीय का?’ ‘सगळ्यात जास्त भीती कोणाची वाटते?’ ‘तुला बाहेर जाऊ देत नाहीत का?’ ‘मी काय केलेलं तुला चालेल?’

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या घरच्यांना ती आपल्यापेक्षा कितीतरी चांगली ओळखते. ती म्हणाली, ‘माझा भाऊ खरंच मारेल’, तर ‘अगं, रागात बोलतात तसं’ म्हणू नका. आणि ती म्हणाली, ‘आत्ता काही करू नको’, तर तेही ऐका. अपवाद दोनच : जिवाला तातडीचा धोका असेल, किंवा ती १८ वर्षांखालची असेल.

‘तू आधी घरी सांगायला हवं होतंस’, ‘एवढं शिकून हे कशाला केलंस’, ‘तो मुलगा तरी तसा आहे का’, ही वाक्यं गिळून टाका. तिने हे सगळं घरी हजारदा ऐकलेलं आहे.

सगळ्यात मोठी चूक : ‘मी त्यांच्याशी बोलून बघतो’

मध्यस्थी आपल्या रक्तात आहे. भांडण झालं की कोणीतरी मोठं माणूस मध्ये पडतं, चहा होतो, विषय मिटतो. पण ‘इज्जती’च्या प्रकरणात तुम्ही तिच्या घरी जाऊन बोललात की घरच्यांना तीन गोष्टी कळतात : तिने बाहेर सांगितलं, कोणाला सांगितलं, आणि ती घर सोडायचा विचार करतेय. यानंतर तिच्यावरचा पहारा वाढतो. काही घरांत त्याच रात्री मारहाण होते.

म्हणून काही गोष्टी करायच्या नाहीत.

• तिच्या घरच्यांना फोन करायचा नाही, समजवायला जायचं नाही. त्या घरातल्या कोणाला तरी ‘विश्वासात घ्यायचं’ नाही.
• तिचे निरोप घरच्यांकडे आणि घरच्यांचे तिच्याकडे पोचवायचे नाहीत. ‘आईने फक्त आवाज ऐकू दे म्हटलंय’ हा निरोपही नाही.
• तिचा ठावठिकाणा माहीत असेल तर तो कॉमन मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. तिचा फोटो, लग्नाचा फोटो, लोकेशन टॅग केलेली स्टोरी, काहीच नाही.
• तिच्यावर ओढवलेल्या प्रसंगाची पोस्ट तिच्या परवानगीशिवाय लिहायची नाही. व्हायरल झाल्याने पोलीस हलतील असं वाटतं. पण घरच्यांच्या दृष्टीने तीच आणखी मोठी बदनामी ठरते.
• गावातल्या पुढाऱ्याकडे किंवा समाजाच्या बैठकीत हा विषय न्यायचा नाही.

‘घरचे आता शांत झालेत’

डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात १९ वर्षांच्या विवाहित तरुणीचा खून झाला. काही महिन्यांपूर्वी तिने पळून जाऊन लग्न केलं होतं. पोलिसांच्या माहितीनुसार तिची आई आधी येऊन भेटून गेली होती. नंतर आई आणि भाऊ पुन्हा आले. मुलगी त्यांच्यासाठी चहा करायला आत गेली आणि तिथेच तिच्यावर कोयत्याने हल्ला झाला. ती गरोदर होती. २०१३ साली नाशिकमध्येही आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर तरुणीचा खून झाला होता, तोही तिच्या वडिलांच्या हातून.

‘सैराट’चा शेवट पाहून सगळं थिएटर सुन्न झालं होतं. पण त्यातून घ्यायचा धडा आपण अजून पुरता घेतलेला नाही. घरच्यांचा राग मावळल्यासारखा वाटतो, तो काळ सुरक्षित असेलच असं नाही. ‘आजी शेवटच्या घटका मोजतेय’, ‘घरी पूजा आहे’, ‘झालं गेलं विसरू, थाटात लग्न लावून देतो’ हे खरंही असू शकतं. ते खरं आहे की नाही, हे तपासायची जबाबदारी मात्र त्या मुलीच्या जिवावर टाकता येत नाही.

म्हणून तुमच्या ओळखीच्या जोडप्याने भेटायचं ठरवलंच, तर एवढं सुचवा. पहिल्या भेटी स्वतःच्या घरी किंवा माहेरी नकोत. दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी, सोबत तिसरं माणूस घेऊन भेटा. कुठे आणि किती वाजेपर्यंत आहोत ते कोणाला तरी कळवून ठेवा. ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर त्या व्यक्तीने थेट ११२ लावायचा. राहता पत्ता सांगायची घाई करू नका.

ती अजून घरातच असेल तर तयारी काय करायची?

निघायचं की नाही, हे ती ठरवेल. पण वेळ आलीच तर हाताशी काय असावं, याची तयारी तुम्ही दोघं मिळून करू शकता.

कागद : सगळ्यात महत्त्वाचा वयाचा पुरावा. मुलगी निघून गेली की घरचे अनेकदा ती अल्पवयीन असल्याचं सांगून अपहरणाची तक्रार देतात. म्हणून जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट, बँकेचं पासबुक यांचे फोटो काढून ठेवायला सांगा. मूळ कागद हलवले तर संशय येतो, म्हणून आधी प्रती तयार करा. त्या तिच्या घरच्यांना माहीत नसलेल्या माणसाकडे ठेवा.

फोन : सिमकार्ड वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर आहे का? व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये दुसरा फोन किंवा लॅपटॉप दिसतो का? गुगल खातं घरातल्या कोणाच्या फोनवर चालू आहे का? ते तसं असेल तर लोकेशन आणि फोटो तिकडेही दिसू शकतात. बँकेचे मेसेज कोणाच्या नंबरवर जातात? हे सगळं आत्ताच बंद केलं तर घरच्यांना सुगावा लागेल. आधी फक्त माहीत करून घ्या. महत्त्वाचं बोलणं आणि शोधाशोध तुमच्या फोनवरून करा.

खूण : एक साधा शब्द किंवा वाक्य ठरवा. ‘केमिस्ट्रीची वही पाठव’ असा मेसेज आला की समजायचं, मदत हवीय. तो आला की तुम्ही नेमकं काय करायचं तेही आधीच ठरवा. थेट ११२ ला फोन, की आधी वकिलांना?

नोंद : तिने काय सांगितलं, कधी मारलं, कोणी काय धमकी दिली, हे तारखेसह लिहून ठेवा. मेसेजचे स्क्रीनशॉट, जखमांचे फोटो तुमच्याकडे ठेवा. खर्ड्याच्या प्रकरणात काय झालं ते आठवा. पुढे साक्षीदार फिरतात, पण त्या वेळी लिहिलेली नोंद आणि मेसेज फिरत नाहीत.

निवेदन : अनेक वकील जोडप्यांना स्वतःच्या हाताने एक अर्ज लिहून ठेवायला सांगतात. ‘मी सज्ञान आहे. मी माझ्या मर्जीने घर सोडत आहे. मला अमुक व्यक्तींपासून धोका आहे.’ खाली तारीख आणि सही. अपहरणाची खोटी तक्रार झाली तर हा कागद कामी येतो.

तिला कोंडून ठेवलंय, संपर्कच होत नाही. मग?

सगळ्यात आधी ११२. कोणाला तरी त्याच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे, मग कोंडणारे आई-वडील का असेनात. फोनवर ‘मैत्रीण फोन उचलत नाही’ एवढंच सांगू नका. ‘१९ वर्षांच्या मुलीला या पत्त्यावर कोंडून ठेवलंय, मारहाण झालीय, जिवाला धोका आहे’ असं स्पष्ट सांगा.

त्याने काम झालं नाही तर दोन कायदेशीर रस्ते आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० नुसार, बेकायदा कोंडलेल्या व्यक्तीला शोधून हजर करण्याचं वॉरंट दंडाधिकारी काढू शकतात. दुसरा रस्ता उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका. ही याचिका करायला नातेवाईकच असायला हवं असं नाही. जोडीदार किंवा मित्रही ती करू शकतो. न्यायालय त्या व्यक्तीला समोर बोलावून तिला स्वतःला काय हवंय ते विचारतं.

ती १८ वर्षांखालची असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन. ठरलेला बालविवाह थांबवण्यासाठीही हाच नंबर. पण अल्पवयीन मुलीला स्वतःच घराबाहेर काढून लपवून ठेवू नका. तसं केलं तर तुमच्यावरच अपहरणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

१८ वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीने कुठे आणि कोणासोबत राहायचं, हे ती स्वतः ठरवते. लग्नासाठी मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ लागतं.

२७ मार्च २०१८ रोजी ‘शक्ती वाहिनी विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न करायचं ठरवलं तर कुटुंबाची, समाजाची किंवा कुळाची संमती गरजेची नाही. प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, २४ तासांची हेल्पलाइन आणि सुरक्षागृह असावं, असे आदेशही दिले. धोक्यातल्या जोडप्याला सुरक्षागृहात आधी महिनाभर आणि गरजेनुसार एक वर्षापर्यंत राहता येईल, असं त्यात म्हटलं आहे. महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये यासाठी कार्यपद्धती ठरवून दिली. पोलीस आयुक्त किंवा पोलीस अधीक्षक हे या विशेष कक्षाचे प्रमुख असतात. स्थानिक पोलीस ठाण्यात हा नियम कोणाला माहीत नसेल तर घाबरू नका. अर्ज थेट आयुक्त किंवा अधीक्षकांच्या कार्यालयात द्या.

आणखी तीन कायदे लक्षात ठेवा.

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ : हा फक्त नवऱ्याविरुद्ध आहे असा गैरसमज आहे. एकाच घरात राहणारी मुलगी वडील आणि भावाविरुद्धही याचा आधार घेऊ शकते. आणि तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे कलम ४. हिंसा होतेय असं वाटण्याला कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा : नाशिकच्या त्या खुनानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. २०१६ साली विधिमंडळाने हा कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. जातीबाहेर लग्न केलं म्हणून कुटुंबाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

अ‍ॅट्रॉसिटी कायदा, १९८९ : जोडीदार अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल आणि हल्ला करणारे त्याबाहेरचे असतील, तर या कायद्याची कलमंही लावायला सांगा.

लग्नाचा विचार असेल तर एक व्यावहारिक गोष्ट. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करताना ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. ज्यांच्या घरी धोका आहे त्यांच्यासाठी तो महिना कठीण असतो. हिंदू विवाह कायद्याखालच्या आंतरजातीय लग्नाला अशी नोटीस लागत नाही. कोणता मार्ग घ्यायचा ते आधी वकिलांशी बोलून ठरवा.

पोलीस ठाण्यात जाताना

मुलगी निघून गेली की घरचे ‘मिसिंग’ नोंदवतात. मग पोलिसांचा फोन येतो, ‘एकदा येऊन जबाब द्या, मिटवून टाकू.’ तिथे एकटीने जाऊ नये. बाहेर नातेवाईक थांबलेले असतात, आणि काही वेळा आतले लोकच ‘आई-वडिलांचं ऐक’ म्हणत समजूत काढू लागतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या अशाच एका प्रकरणात, पळून लग्न केलेल्या सज्ञान मुलीने ठाण्यातच हजर व्हावं असा आग्रह धरणाऱ्या तपास अधिकाऱ्यावर ताशेरे ओढले होते.

ती जिथे सुरक्षित आहे तिथल्या पोलीस ठाण्यात जबाब देता येतो का, ते वकिलांमार्फत विचारा. गुन्हा नोंदवायला हद्दीचं कारण चालत नाही. ‘झिरो एफआयआर’ कुठल्याही ठाण्यात होतो. जो अर्ज द्याल त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.

आणि पोलिसांनी तुम्हालाच बोलावलं तर? खोटं बोलू नका, पण घाबरून तिचा पत्ता तिच्या घरच्यांसमोर सांगू नका. लेखी नोटीस मागा, वकिलांना सोबत न्या. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर महिलेला तिच्या राहत्या घराव्यतिरिक्त कुठेही येण्याची सक्ती करता येत नाही.

तिला स्वतःच्या घरी ठेवून घेण्याआधीही विचार करा. जवळच्या मैत्रिणीचं घर हे नातेवाईक शोधतात त्या पहिल्या ठिकाणांपैकी एक असतं. त्यापेक्षा सखी वन स्टॉप सेंटर, शासकीय निवारागृह किंवा या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था बऱ्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते, पुण्यातला ‘राइट टू लव्ह’ हा गट अशा जोडप्यांना मदत करत आले आहेत.

हे नंबर तोंडपाठ ठेवा

• ११२ : तातडीची पोलीस मदत
• १८१ : महिला हेल्पलाइन. इथून सखी वन स्टॉप सेंटरची माहितीही मिळते
• १०९८ : १८ वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी चाइल्डलाइन
• १५१०० : मोफत कायदेशीर सल्ला. महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही
• १४४१६ : टेलि-मानस, मानसिक आधारासाठी. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही

हे नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह करू नका, पाठ करून घ्या. तुमचा नंबरही तिला पाठ असू द्या. फोन हिसकावला गेल्यावर डोक्यात असलेला नंबरच कामाला येतो.

आणि तो ‘बेपत्ता’चा मेसेज?

पुढच्या वेळी असा मेसेज आला की आधी बघा. व्यक्ती सज्ञान आहे का? कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद झालीय ते लिहिलंय का? खाली दिलेला नंबर पोलिसांचा आहे की खासगी? मूल किंवा स्मृतिभ्रंश झालेले आजोबा हरवले असतील तर जरूर मदत करा. पण सज्ञान मुलगी किंवा जोडपं असेल आणि खाली फक्त कोणा मामाचा नंबर असेल, तर फॉरवर्ड करू नका. ती व्यक्ती खरंच दिसली आणि तुम्हाला काळजी वाटली तर ११२ ला कळवा, त्या खासगी नंबरवर नको.

ती सुखरूप आहे आणि स्वतःच्या मर्जीने गेलीय, हे तिने पोलिसांना सांगितलं तरी पुरतं. ते चाळीस ग्रुपना कळायची गरज नाही.